ब्रेक दाबला की मीटरचा दिवा लागतो? जुन्या 6 व्होल्टच्या गाडीचा माझा अनुभव

वडिलांची जुनी मोटरसायकल परभणीत रंगवून घेतली आणि ब्रेकलाइट बिघडली. दिवे बंद असताना ब्रेक दाबला की मागचा बल्ब मिणमिणायचा, सोबत मीटरचाही दिवा लागायचा. हेडलाइट चालू असताना दाबला तर मागचा दिवा पार विझायचा! उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर रात्री जीव टांगणीला लागायचा. दोन बल्ब बदलले, ब्रेकस्विचही, फरक शून्य.

दोष अर्थिंगचा होता, म्हणजे चासीतून (गाडीच्या सांगाड्यातून) बॅटरीकडे करंट परतायच्या वाटेचा. दिव्याला अर्थ मडगार्डच्या बोल्टमधून मिळतो, नव्या रंगानं तोच कमजोर झाला. मागच्या बल्बात दोन तंतू असतात, ब्रेकचा 21 वॅटचा आणि रात्रीच्या मागच्या दिव्याचा 5 वॅटचा. मग ब्रेकचा करंट 5 वॅटच्या तंतूतून उलटा मीटरच्या दिव्याकडे जातो.

आधी बॅटरीची वायर काढली. मागच्या बल्बचा होल्डर आतून पॉलिश पेपरनं घासला. त्याच्या पत्र्याला जाड वायर सोल्डर करून सीटखाली चासीच्या बोल्टपर्यंत नेली. तिथला रंग धातू दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वर व्हॅसलीन लावलं. 21/5 वॅटच्या बल्बच्या पिना वरखाली असतात, उलटा कोंबू नका. शेवटी ब्रेकस्विचची स्प्रिंग इतकी ताणली की ब्रेक लागायच्या आधीच दिवा लागावा.

आता भर उन्हातही लाल उजेड ठळक दिसतो.