शाळेतल्या जागल्यानं कागद कसा लिहावा

मागच्या महिन्यात माझ्या जुन्या केंद्रातल्या एका मुलीचा फोन आला. नोकरीचं चौथं वर्ष, द्विशिक्षकी शाळा, मुख्याध्यापकाचा चार्जही तिच्याकडेच. "बाई, पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं 50 किलोचं म्हणून उतरवतात, भरतं 46. चलनावर मात्र 50 लाच सही मागतात. तक्रार करू का?"

मी म्हटलं, "तक्रार नको करूस. नोंद कर."

हा फरक कळायला मला एक कामगिरी आदेश, म्हणजे तात्पुरती दुसऱ्या शाळेत रवानगी, खावा लागला. मी झेडपीत 31 वर्षं काढली, त्यातली शेवटची 9 मुख्याध्यापिका म्हणून. 2006 साली असंच पोतं कमी भरलं तेव्हा मी रागाच्या भरात दोन पानी पत्र लिहिलं. त्यात 'चोर' हा शब्द तीनदा होता आणि वजनाचा आकडा एकदाही नव्हता. पत्र वरच्या ऑफिसला गेलं, मंत्र्यांना गेलं, एका पेपरवाल्यालाही गेलं. विसाव्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस आली. तांदळाचा उल्लेखसुद्धा नव्हता. पाठाचं टाचण अपूर्ण, जमाखर्चाची किर्द अद्ययावत नाही, एके दिवशी दहा मिनिटं उशीर. पुढे 'शैक्षणिक व्यवस्था म्हणून' 38 किलोमीटरवरच्या शाळेत कामगिरी. सूड स्वतःच्या नावानं कधी येत नाही, तो टाचणाच्या नावानं येतो. म्हणून काहीही लिहिण्याआधी पंधरा दिवस आपलं दप्तर लख्ख करा. हजेरी, किर्द, साठा नोंदवही, आहार आधी चाखल्याची चव नोंदवही, सगळं. कंटाळवाणं काम आहे, पण पुढची अर्धी लढाई इथंच होते.

आता कायद्याचं. आतला गैरप्रकार उघड करणाऱ्या माणसाला मराठी पेपर 'जागल्या' म्हणतात. गावगाड्यातला जागल्या रात्री गस्त घालायचा, काही दिसलं की पाटलाला सांगायचा आणि पाटील त्याच्या पाठीशी असायचा. आपल्या पाठीशी कोण? जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं 2014 साली मंजूर केला. नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, असं त्यात लिहिलं आहे. पण तो लागू करणारी अधिसूचनाच निघालेली नाही, म्हणजे कायदा आहे पण कपाटात. दुसरा आधार केंद्र सरकारच्या 2004 च्या ठरावाचा. बिहारमध्ये महामार्गाच्या कामातले गैरप्रकार कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांचा 2003 साली खून झाला, त्यानंतर तो आला. त्याला पीआयडीपीआय (पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर अँड प्रोटेक्शन ऑफ इन्फॉर्मर्स) म्हणतात. तो केंद्र सरकारच्या नोकरांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. म्हणजे तुम्ही केंद्रीय विद्यालयात किंवा नवोदयमध्ये असाल तर वापरा: बंद पाकिटावर 'पीआयडीपीआय' असं इंग्रजीत लिहायचं, दिल्लीच्या केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवायचं, आपलं नाव-पत्ता पाकिटावर नाही तर आतल्या पत्रात द्यायचा. निनावी पत्र तिथं घेत नाहीत. पोचही येत नाही, तेव्हा ती मागत बसू नका.

झेडपीच्या मास्तराला यातलं काहीच लागू नाही. त्याच्याकडे उरतो तो ऑफिसनं पत्र घेतल्याचा आवक-जावकचा शिक्का.

तांदळाचंच उदाहरण धरू. गाडी आली की पोतं उतरल्या उतरल्या, ड्रायव्हरसमोर मोजायचं. चलनावर सही करायची, पण सहीच्या वर आपल्या अक्षरात 'प्रत्यक्ष वजन 46 किलो' असं लिहून. ड्रायव्हर कुरकुर करतो, 'आमच्या साहेबांना चालत नाही' म्हणतो. चालू नये. चलनाचा फोटो काढायचा. साठा नोंदवहीत आवक 50 नव्हे, 46 च धरायची. इथंच बहुतेक जण चुकतात. एकदा तुम्ही स्वतःच्या अक्षरात 50 लिहिलंत की गायब झालेले 4 किलो कागदावर तुम्हीच खाल्ले. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. म्हणजे 4 किलो हा 40 लहान मुलांचा एका दिवसाचा घास. पत्रात हा हिशोब लिहा, तो कुणालाही कळतो.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या पानाचं पत्र, गटशिक्षणाधिकाऱ्यांना, केंद्रप्रमुखांमार्फत. विषय: 'तांदूळ कमी प्राप्त झाल्याबाबत'. तारीख, पोत्यांची संख्या, प्रत्येक पोत्याचं वजन, हजर असलेल्यांची नावं, शेवटी 'पुढील आदेशार्थ सविनय सादर'. कुणी खाल्लं, कुणाचे हात आहेत, यातलं एक अक्षर नको. ते तुम्ही पाहिलेलं नाही; तुम्ही काटा पाहिलाय. असं पत्र म्हणजे आरोप नव्हे, ते तुमचं कर्तव्य. कर्तव्य केल्याबद्दल नोटीस काढणं साहेबालाही अवघड जातं. दुय्यम प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. क्लार्क 'ठेवून जा मॅडम' म्हणाला तर बाकावर बसून राहायचं. मी एकदा डबाही तिथंच खाल्लाय. अगदीच घेईनात तर स्पीड पोस्टानं पाठवा.

मग शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, आणि निम्म्या महिला. पुढच्या पोत्याच्या वेळी दोन आयांना वजनाला बोलवा, बैठकीत विषय घ्या, इतिवृत्तात आकडे लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. मग समितीलाच स्वतंत्र पत्र पाठवू द्या. पालकाचा गोपनीय अहवाल कुणी लिहीत नाही आणि त्याची बदलीही होत नाही. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, म्हणजे पटावरची मुलं खरंच शाळेत आहेत का ते तपासलं; मुलांच्या बोटांना शाई लावून मोजलं तेव्हा कुठं खोटा पट उघडा पडला. स्टाफरूममध्ये तो आधी कुणाला ठाऊक नव्हता असं नाही. एकट्यानं लिहायची हिंमत नव्हती, आणि चार जणांच्या सह्यांनी लिहायचं कुणाला सुचलं नाही.

माहितीचा अधिकार हे पुढचं हत्यार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, 30 दिवसांत उत्तर. अर्ज कोणत्याही नागरिकाला करता येतो, तुम्हीच करायला हवा असं नाही. फक्त पुतण्याच्या नावानं टाकू नका, आडनाव सगळं सांगतं. आणखी एक सोय फारशी कुणी वापरत नाही: 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. एखाद्या निवृत्त गुरुजींना पाठवा. आम्हाला नाही तरी काय काम असतं?

लाच मागितली असेल, म्हणजे पगाराच्या फरक बिलासाठी, मेडिकल बिलासाठी, कशासाठीही, तर पत्रबित्र लिहू नका. गोड बोलून वेळ मागून घ्या आणि 1064 ला फोन करा, तो लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा आहे. दबावाखाली पैसे देऊन बसला असाल तरी 7 दिवसांच्या आत कळवलंत तर देणाऱ्याचा गुन्हा धरत नाहीत. 2018 च्या दुरुस्तीनं ही मुदत दिलीय. मात्र लाच घेताना पकडायच्या सापळ्यात नाव गुप्त राहत नाही. तुम्ही फिर्यादी असता, कोर्टात उभं राहावं लागतं. घरच्यांशी हे आधी बोला.

वर सांगितलेली सगळी शिस्त, मार्फत, सविनय, पंधरा दिवस दप्तर, एका बाबतीत पूर्ण विसरा. मुलीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तर केंद्रप्रमुख नाही, संस्था नाही, 'शाळेची बदनामी होईल' नाही. थेट पोलीस, त्याच दिवशी. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 19 नुसार कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. 2024 साली बदलापूरच्या प्रकरणात शाळाचालकांवर याच कलमाखाली गुन्हा दाखल झाला. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, मुलाला पुन्हा पुन्हा विचारणं तर नाहीच. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. आपल्या नोकरीत जागल्याला इतकं स्पष्ट कवच मला दुसरीकडे दिसलेलं नाही. मुलाचं नाव मात्र कुठंही, ग्रुपवरसुद्धा, टाकायचं नाही. 1098 ही मुलांची हेल्पलाइन रात्रीही चालू असते.

ग्रुपवरून आठवलं. खिचडीतल्या अळ्यांचा व्हिडिओ आधी व्हॉट्सॲपवर आणि मग साहेबाला, असा क्रम केलात तर वर्तणूक नियमांत तुम्हीच अडकता आणि अळ्या बाजूला राहतात. पेपरचंही तेच. आमदारांचं पत्र आणू नका, तो बाहेरचा दबाव ठरतो.

एवढं करूनही नोटीस आलीच तर दिलेल्या मुदतीत, मुद्द्याला मुद्दा असं उत्तर द्या. शेवटच्या परिच्छेदात एवढंच: 'दि. अमुक रोजी, आवक क्र. तमुक अन्वये मी तांदळाबाबत अहवाल सादर केला. सदर नोटीस त्यानंतर प्राप्त झाली.' सूड हा शब्द वापरू नका, तारखा शेजारी शेजारी ठेवा. शिक्षा झाली तर झेडपीच्या सीईओंच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे अपील, पुढे उच्च न्यायालय. मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाऊ नका, झेडपीवाल्यांना ते दार नाही. खासगी अनुदानित शाळेतल्यांना शाळा न्यायाधिकरण आहे, पण बडतर्फीनंतर 30 दिवसांतच जायचं. वकील शोधण्यात ते दिवस भुर्रकन जातात.

त्या मुलीला हे सगळं सांगून झालं. ती म्हणाली, "पण बाई, शाळेतला काटा 30 किलोचाच आहे."

"मग बादलीनं मोज. रिकाम्या बादलीचं वजन आधी लिहून ठेव."

"गाडी शनिवारी येते."

शनिवारी सकाळची शाळा. म्हटलं, आयांना साडेसातलाच बोलावून ठेव.