साठीनंतर कॉलेजात प्रवेश घेताय? या चुका टाळा

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 सालचं, इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 चं. दोन्हीकडे पदवीला वयाची वरची अट नाही आणि दोन्हींची अभ्यासकेंद्रं गावोगावच्या नेहमीच्या कॉलेजांत चालतात. ज्या कॉलेजात नात शिकते, तिथेच आजी सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्राला, म्हणजे मार्गदर्शनाच्या तासांना, बसू शकते. अशाच एका केंद्रावर मी ज्येष्ठांना फॉर्म भरायला मदत करते. अभ्यास झेपला नाही म्हणून सोडून गेलेलं माणूस मला क्वचितच दिसलं. अडकतात सगळे कागदांपाशी, आणि दरवर्षी त्याच त्या कागदांपाशी.

सगळ्यात महागात पडते ती नावाची चूक, आणि ती बायकांच्याच वाट्याला जास्त येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. त्यात आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायची रीत. पुष्कळ जणींचं आडनावच काय, पहिलं नावही बदललेलं. 2024 पासून दूरस्थ अभ्यासक्रमांच्या प्रवेशाला डेब आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) लागतो, त्याआधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) काढावा लागतो आणि तो आधारवरून निघतो. म्हणजे विद्यापीठाच्या दफ्तरी जाणार आधारवरचं नाव, आणि सोबत जोडणार दुसऱ्याच नावाची गुणपत्रिका.

एका काकूंचं सांगते. मराठी घेऊन बी.ए. करायचं त्यांच्या मनात फार वर्षांपासून होतं. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातल्या मुलानं नावातला फरक पाहिला, ‘चालतंय काकू, पुढचं पुढे बघू’ म्हणाला आणि अर्ज पाठवून मोकळा झाला. शुल्क गेलं, पुस्तकं आली, काकू पहाटे उठून वाचायला लागल्या. स्वाध्याय, म्हणजे घरी लिहून द्यायची उत्तरं, लिहिले, परीक्षाही दिली. निकाल मात्र राखून ठेवला गेला. गुणपत्रिकेवरची मुलगी आणि परीक्षेला बसलेली बाई एकच, असं सांगणारा एकही कागद फाइलीत नव्हता. लग्नाची नोंदणी कधी झाली नव्हती, यजमान हयात नव्हते. शेवटी त्यांनी जुन्या शाळेतून दाखला काढला, सरकारी राजपत्रात नावातला बदल छापून आणला आणि सगळं जोडून अर्ज केला. निकाल हाती आला तोवर पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची मुदत उलटून गेली होती. काकू सगळ्या विषयांत पास होत्या. तरी वर्ष गेलं, कारण सुरुवातीला कुणाला दहा मिनिटं थांबायचं नव्हतं. मला या ‘पुढचं पुढे बघू’चा मनापासून राग आहे. असं म्हणणाऱ्याच्या हाती आपला फॉर्म देऊ नका.

मी साइट उघडायच्या आधी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार टेबलावर शेजारी शेजारी मांडायला लावते. नाव एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायचं, जन्मतारीखसुद्धा. फरक निघाला तर आधी राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला, प्रवेश मग. लोक घाई करतात, पण इग्नूत जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा प्रवेश होतात. एका सत्राच्या उशिरानं काही बिघडत नाही.

गुणपत्रिका हरवली असेल तर मंडळाच्या विभागीय कार्यालयातून दुय्यम प्रत मिळते. जुना बैठक क्रमांक आठवत नसेल तर आधी शाळेत चौकशी करा.

ज्यांची शाळा 1975 च्या आधी संपली, त्यांची एसएससी अकरावीची होती. ती आजची बारावी धरून पदवीचा फॉर्म भरू नका. अकरावीनंतरचं कॉलेजचं प्री-डिग्रीचं वर्ष झालं असेल तर त्याची गुणपत्रिका शोधून काढा.

दुसरी चूक मुलांच्या प्रेमापोटी होते. बंगलोरला असलेला मुलगा रात्री बसून बाबांचा फॉर्म भरतो आणि मोबाइल नंबर, ईमेल स्वतःचा टाकतो. मग ओटीपी त्याला, हॉल तिकिटाचा मेसेज त्याला, परीक्षाकेंद्र बदलल्याचा मेसेजही त्यालाच. आणि तो त्या वेळी मीटिंगमध्ये. चुकीच्या कॉलेजच्या दारात पेपरच्या दिवशी उभे राहिलेले काका मी पाहिलेत. नंबर आपलाच द्या, ईमेल आपला उघडा, पासवर्ड वहीत लिहा. मुलाला शेजारी बसवून शिकून घ्या, पण बटण स्वतः दाबा.

पहिल्याच वर्षी पदवीवर उडी मारायचा आग्रहही मला पटत नाही. इग्नूच्या हिशेबात एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा एक विषय 120 तास मागतो, आणि पदवीत असे विषय एकामागून एक येतच राहतात. आधी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा. इग्नूत तो पुरा करायला दोन वर्षांपर्यंत सवड असते. पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळातला मोडीचा वर्ग किंवा रानडे इन्स्टिट्यूटमधली परकीय भाषा, हीसुद्धा उत्तम सुरुवात आहे. बैठक जमली की पदवी आहेच.

‘घरबसल्या एका वर्षात पदवी’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. इग्नूत बी.ए.ला किमान तीन वर्षं लागतात.

स्वाध्याय नातवाकडून लिहून घेऊ नका, नेटवरून उतरवू नका. इग्नूत बहुतेक अभ्यासक्रमांना त्यांचे 30 टक्के गुण असतात, आणि परीक्षेत उपयोगी पडतं ते स्वतः लिहिलेलंच. मुदतीआधी द्या, पोच घ्या, ती जपून ठेवा.

राहिला हात. निवृत्तीनंतर सहीपलीकडे पेन धरलेलं नसतं आणि पेपर सलग दोन-तीन तास लिहायचा असतो. माझ्याकडच्या सगळ्यांना मी परीक्षेच्या दोन महिने आधीपासून रोज एक पान घड्याळ लावून लिहायला सांगते. हाताला कंप असेल किंवा दिसायला त्रास होत असेल तर लेखनिकाची, म्हणजे आपण सांगू ते लिहून देणाऱ्या माणसाची, चौकशी परीक्षेचा फॉर्म भरतानाच करा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र तयार ठेवा. पेपर तोंडावर आल्यावर अशी सोय होणं फार कठीण जातं.