मनुष्यबळ कमी असलेल्या केंद्रांवरील अग्निशमन जवान आणि प्राप्तिकर : या चुका टाळा

जून महिना लागला की नागपुरातील सिव्हिल लाईन्स, गंजीपेठ, कॉटन मार्केट, सक्करदरा अशा निरनिराळ्या केंद्रांवरचे अग्निशमन जवान फॉर्म १६ (वेतन व त्यातून कापलेल्या कराचा मालकाने दिलेला दाखला) घेऊन माझ्याकडे विवरणपत्र भरायला येतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्यापैकी कोणी ना कोणी एक प्रश्न हमखास विचारतो : "साहेब, आमच्या केंद्रावर माणसं कमी आहेत, डबल ड्युटी करतो आम्ही. त्याची इन्कम टॅक्समध्ये सूट असते म्हणे, ती लावा न." या प्रश्नामागची दमणूक खरी आहे. महानगरपालिकेने २०२३ च्या अखेरीस अग्निशमन विभागातील ३५० पदांची जाहिरात काढली, तेव्हा त्यांतील २९७ पदे एकट्या अग्निशामक विमोचकांची, म्हणजे आग विझवणाऱ्या व बचाव करणाऱ्या जवानांची होती. एवढी पदे भरायची होती म्हणजे तोवर त्या पदांचे काम कोणाच्या अंगावर पडत होते, हे वेगळे सांगायला नको. तरीही उत्तर स्पष्टच द्यावे लागते. मनुष्यबळ कमी असलेल्या केंद्रावर काम करतो, एवढ्या कारणासाठी अग्निशमन कर्मचाऱ्याला सूट देणारे कोणतेही कलम आपल्या प्राप्तिकर कायद्यात नाही. (या लेखातील कलमे, नियम व फॉर्म २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला लागू असलेल्या १९६१ च्या कायद्याखालील आहेत.)

मग ही समजूत आली कुठून? मोबाइलवर फिरणारे बहुतेक संदेश परदेशातील तरतुदींचे असतात. कॅनडात वर्षाला किमान २०० तास सेवा देणाऱ्या स्वयंसेवी अग्निशामकांना करात सवलत मिळते, आणि ती ज्या रकमेवर मोजतात ती २०२४ पासून ३,००० डॉलरवरून ६,००० डॉलर झाली. अमेरिकेतही स्वयंसेवी जवानांना सेवेच्या दर महिन्यामागे ५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त आहे. हे दोन्ही नियम पगारी नोकरीबाहेर सेवा देणाऱ्या स्वयंसेवकांसाठी, त्या त्या देशांच्या कायद्याने केलेले आहेत. आपल्याकडेही अशी सवलत असावी, असे मला मनापासून वाटते. पण ती संसदेच्या कायद्याने यायला हवी, विवरणपत्राच्या एखाद्या रिकाम्या रकान्यातून नव्हे.

पहिली मोठी चूक भत्त्यांच्या बाबतीत होते. अतिकालिक भत्ता, जोखीम भत्ता, अतिरिक्त कार्यभाराचा मोबदला हे सगळे वेतनच असून पूर्णपणे करपात्र आहे. नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय असल्यामुळे देशभरातील प्रशिक्षणार्थी येथे येतात आणि त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून 'आदिवासी क्षेत्र भत्ता करमुक्त असतो' ही माहिती आपल्या जवानांपर्यंत पोहोचते. ती अर्धवट आहे. जुन्या करप्रणालीत (म्हणजे भत्ते व वजावटींच्या सवलती देणाऱ्या प्रणालीत; नव्या प्रणालीत त्यांतील बहुतेक नाहीत) प्राप्तिकर नियमांतील नियम २बीबीनुसार हा भत्ता महिन्याला २०० रुपयांपर्यंत करमुक्त आहे, परंतु त्यासाठी राज्यांची यादी ठरलेली आहे. त्या यादीत मध्य प्रदेश आहे, कर्नाटक आहे, महाराष्ट्र नाही. म्हणजे बालाघाटला जे लागू होते ते सीमेच्या अलीकडे गोंदियाला लागू होत नाही. गडचिरोलीकडे सेवा केलेल्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. राज्य शासनाच्या ६ ऑगस्ट २००२ च्या निर्णयानुसार आदिवासी व नक्षलग्रस्त भागातील ज्या कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता आणि एकस्तर (एक पायरी वरची) वेतनश्रेणी मिळते, त्यांना ती वाढीव रक्कम करमुक्त वाटते. ती करमुक्त नाही. शासनाने भत्ता मंजूर करणे ही एक बाब झाली आणि केंद्राच्या कायद्याने तो करातून वगळणे ही दुसरी. पहिली झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही.

गणवेश व धुलाई भत्त्याबाबत मात्र कायद्यात खरोखर सूट आहे. ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि प्रत्यक्ष झालेल्या खर्चापुरतीच मिळते. गेल्या वर्षी एका जवानाने वेतनचिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला शिंप्याची व बूट दुरुस्तीची बिले महिन्यावार टाचून आणली होती. एका बिलावर ओल्या हाताचा काळा ठसासुद्धा उमटला होता. दावा कागदावर उभा राहतो तो असाच. नवी करप्रणाली निवडली असेल, तर मात्र ही बिले कितीही नीट ठेवली तरी उपयोग नाही.

येथेच एक जोडचूक होते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. केवळ वेतनाचे उत्पन्न असलेल्या व्यक्तीला दर वर्षी जुनी प्रणाली निवडता येते, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते. सलग ड्युट्यांमुळे मुदत चुकली की जुन्या प्रणालीचा पर्याय गेला, आणि त्याबरोबर घरभाडे भत्ता, गणवेश भत्ता, व्यवसाय कराची वजावट हे सारेच गेले. घरभाडे भत्त्याची सूट मोजताना नागपूरला मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या ४० टक्क्यांची मर्यादा धरतात. मुंबईत असलेल्या नातेवाइकाच्या हिशोबातील ५० टक्के येथे उतरवू नयेत. केंद्राच्या आवारातील निवासस्थानात राहणाऱ्याने तर हा दावा करूच नये.

सर्वांत जास्त पैसा जातो तो थकबाकीच्या वर्षी, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. समजा, २०२५-२६ मध्ये एखाद्या केंद्र अधिकाऱ्याचे ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन उत्पन्न ११,२०,००० रुपये आहे. १२ लाखांच्या आत असल्यामुळे नव्या प्रणालीत त्याला कर शून्य. त्याच वर्षी मागील वर्षांच्या वेतननिश्चितीची १,६०,००० रुपये थकबाकी एकदम जमा झाली, तर उत्पन्न १२,८०,००० होते आणि उपकरासह कर होतो ७४,८८० रुपये. आलेल्या रकमेचा जवळजवळ निम्मा भाग करात जातो. ही थकबाकी ज्या वर्षांची आहे त्या वर्षांत विभागून कराचा फरक काढण्याची सोय कलम ८९ मध्ये आहे आणि ती दोन्ही प्रणालींत उपलब्ध आहे. मात्र त्यासाठी विवरणपत्र भरण्याआधी प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर फॉर्म १०ई सादर करावा लागतो. विवरणपत्रात सवलतीचा आकडा लिहिला आणि फॉर्म १०ई राहिला, तर कलम १४३(१) ची, म्हणजे विवरणपत्राच्या प्राथमिक पडताळणीची सूचना येते, तीत सवलत नाकारलेली असते आणि खाली मागणीची रक्कम असते. अशी सूचना आल्यास घाबरून लगेच पैसे भरू नयेत. सुधारित विवरणपत्राची मुदत शिल्लक असेल, तर आधी फॉर्म १०ई सादर करून मग सुधारित विवरणपत्र द्यावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे थकबाकी जमा होताच हा तपशील आस्थापना विभागाकडे देणे. स्थानिक प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्याला कलम १९२(२ए) नुसार स्रोतावरील कपातीतच ही सवलत घेता येते. माझ्या अनुभवात हा अर्ज वेळेवर देणारे जवान फारच थोडे आहेत.

कंत्राटी जवानांनी फॉर्म २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या कराची नोंद) उघडून एकच गोष्ट पाहावी : आपली कपात कलम १९२ (वेतन) खाली दिसते की १९४सी (कंत्राटदाराला दिलेली रक्कम) खाली? एजन्सीने ती १९४सी खाली दाखवली असेल, तर ते उत्पन्न नोंदींत वेतन म्हणून दिसत नाही, आणि प्रमाणित वजावट लावल्यास तफावत निघते. प्रत्यक्षात हजेरी, आदेश आणि मासिक पगार असे नोकरीचेच स्वरूप असेल, तर एजन्सीकडून नोंद दुरुस्त करून फॉर्म १६ मागावा.

शब्दाच्या साम्यामुळे होणारी चूकही सांगितली पाहिजे. आपण कौतुकाने अग्निशमन जवानाला अग्निवीर म्हणतो. विवरणपत्राच्या वजावटींच्या यादीत अग्निवीर कॉर्पस फंड, कलम ८०सीसीएच, असे दिसते, आणि काही जण तेथे भविष्य निर्वाह निधीची रक्कम भरून मोकळे होतात. ते कलम १ नोव्हेंबर २०२२ पासून अग्निपथ योजनेत सैन्यदलांमध्ये दाखल झालेल्यांसाठीच आहे. 'फायरवाल्यांचा मोठा रिफंड काढून देतो' असे सांगणारे एजंट अशाच रकान्यांत आकडे भरतात. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर तपासणी सुरू केली. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे ठरल्यास बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होतो आणि तो एजंटला नव्हे, जवानाला भरावा लागतो. मागील वर्षी असे घडले असेल तर नोटिशीची वाट न पाहता अद्ययावत विवरणपत्र भरावे. संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येते. उशीर वाढेल तसा अतिरिक्त कर वाढतो.

शेवटची बाब कुटुंबीयांसाठी आहे आणि ती लिहिताना जड जाते. कर्तव्यावर असताना जखमी किंवा मृत झालेल्या कर्मचाऱ्याला वा त्याच्या वारसांना केंद्र, राज्य शासन किंवा स्थानिक प्राधिकरणाकडून मिळणारे एकरकमी सानुग्रह अनुदान करपात्र नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ८ जून १९९९ च्या परिपत्रक क्रमांक ७७६ मध्ये म्हटले आहे. महानगरपालिकेच्या जवानालाही ते लागू पडते, तरीही ही रक्कम अजाणतेपणी उत्पन्नात दाखवून कर भरलेली घरे आहेत. उलट कुटुंब निवृत्तिवेतन सैनिकांप्रमाणे कलम १०(१९) खाली करमुक्त आहे असे समजून ते दाखवलेच जात नाही. ती सूट सशस्त्र दलांच्या कुटुंबांपुरती आहे. जवानाच्या पत्नीने हे निवृत्तिवेतन 'इतर उत्पन्न' या शीर्षाखाली दाखवावे आणि एक-तृतीयांश किंवा नव्या प्रणालीत २५,००० रुपये, जुन्या प्रणालीत १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिची वजावट घ्यावी. सानुग्रह अनुदानाचा मंजुरी आदेश आणि परिपत्रकाची प्रत एकाच पाकिटात ठेवावी. बँकेत जमा झालेल्या मोठ्या रकमेबाबत विचारणा झाली, तर हे दोन कागद पुरतात.