टॉन्सिलच्या कर्करोगात एका बाजूचा शेक : आधी काय विचारावे, नंतर काय जपावे

घशाच्या कर्करोगावर रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात ते, घेण्यासाठी मिरजेला किंवा कराडला जायचे ठरले की डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : शेक मानेच्या दोन्ही बाजूंना द्यावा लागणार आहे, की एका बाजूवर भागणार आहे? हा प्रश्न शेकाच्या वेळी डोके स्थिर ठेवणाऱ्या मुखवट्याचे माप घेण्यापूर्वी विचारावा, कारण त्यानंतर लगेच आखणी सुरू होते.

एका बाजूचा शेक म्हणजे अर्धवट उपचार, ही नातेवाइकांची भीती निराधार आहे. गाठ टॉन्सिलमध्येच आणि ४ सेंटिमीटरच्या आत असेल, ती जिभेच्या मुळाकडे किंवा मऊ टाळूवर फारशी सरकलेली नसेल, आणि मानेत गाठी नसतील किंवा त्याच बाजूला मोजक्या असतील, तर दुसरी बाजू सोडता येते. टोरंटोच्या प्रिन्सेस मार्गारेट रुग्णालयातील तज्ज्ञांनी २००१ साली एका बाजूचाच शेक घेतलेल्या टॉन्सिलच्या २२८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे ३.५ टक्के रुग्णांमध्येच रोग दुसऱ्या बाजूच्या मानेत उलटला. त्या बदल्यात दुसऱ्या कानापुढची लाळग्रंथी वाचते, आणि कोरड्या तोंडाने भाकरीचा घास गिळणे किती जड जाते हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला या ग्रंथीचे मोल सांगावे लागत नाही. मात्र रोग जिभेच्या मुळाशी, टाळूच्या मध्यावर किंवा घशाच्या मागच्या भिंतीवर असेल, तर दोन्ही बाजूंचा शेक बहुधा अटळ असतो. तेथे हट्ट धरू नये.

शेकाआधी दात तपासून घ्यावेत. आपल्या भागात मिश्रीची सवय जुनी असल्याने हिरड्या आधीच खराब झालेल्या असतात. काढायचे दात आधीच काढून जखम भरायला सुमारे दोन आठवडे द्यावेत. शेक बसलेल्या बाजूचे जबड्याचे हाड पुढे नीट भरून येत नाही, म्हणून नंतर कधीही दात काढायचा झाल्यास दंतवैद्याला शेकाची कल्पना द्यावीच. मिश्री आणि तंबाखू लगेच बंद करावी.

मुखवट्यासाठी जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत तो घट्ट होतो. कोंडल्यासारखे वाटले तर हात वर करून खूण करावी. शेक सोमवार ते शुक्रवार, सहा ते सात आठवडे चालतो, त्यामुळे जत-आटपाडीकडच्या रुग्णांनी मुक्कामाची सोय आधीच पाहावी.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास घसा सोलवटतो. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर मीठ व चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. दुधात कुस्करलेली भाकरी, तूप घातलेला मऊ भात, नाचणीची आंबील असे खाणे ठेवावे, तिखट टाळावे आणि दर आठवड्याला वजन करावे. तोंडात तीन बोटे उभी मावतात का, हे रोज पाहावे. मावेनाशी झाली तर जबड्याचे व्यायाम त्याच आठवड्यात विचारून घ्यावेत, कारण आखडलेला जबडा नंतर सहजासहजी उघडत नाही.