लिंक्डइन, चाकण आणि अर्धवट ओळखीची माणसे

मेकॅनिकलची पदवी घेऊन चाकण, तळेगाव, रांजणगाव या पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरी शोधणारी मुलेमुली मला हल्ली वरचेवर विचारतात, की लिंक्डइनवर नेमके करायचे तरी काय. मी स्वतः सोलापूरहून येऊन येथील एका मशिनिंगच्या कारखान्यात क्वालिटी विभागात लागलो. नोकरी लागेपर्यंतचा तो काळ आठवला की अजूनही पोटात गोळा येतो, त्यामुळे पुढचा मजकूर अगदी तटस्थ असेल अशी हमी मी देत नाही. फोटो कसा असावा आणि शिक्षण कोठे भरावे एवढे तुम्हाला ठाऊक आहे, असे गृहीत धरतो.

सर्वांत आधी आपले खाते कोणत्या ईमेलवर उघडलेले आहे ते पाहा. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण माझे सर्वाधिक नुकसान त्यानेच केले असल्यामुळे तो सविस्तर सांगतो. शेवटच्या वर्षाला आमच्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलने सगळ्या वर्गाला संगणक प्रयोगशाळेत बसवून, कॉलेजने दिलेल्या ईमेल पत्त्यावरच खाती उघडायला लावली. निकाल लागल्यानंतर काही महिन्यांनी कॉलेजने ते पत्ते कोणालाही न कळवता बंद केले. फोनवरचे ॲप आधीपासून लॉग-इन असल्यामुळे काहीच जाणवले नाही. पुढे फोन बदलला, नव्या हँडसेटवर लॉग-इन करताना लिंक्डइनने पडताळणीचा कोड त्याच मेलेल्या पत्त्यावर पाठवला, पासवर्ड बदलण्याची लिंकही तिकडेच गेली, आणि खात्याला मोबाईल नंबर कधी जोडलेलाच नव्हता. अर्ज करण्याची घाई होती, म्हणून जीमेलवर नवे खाते उघडले. त्या क्षणापासून लिंक्डइनवर एकाच नावाचे दोन उमेदवार झाले. एकाकडे वर्गातली सगळी मुले, शिकवणारे प्राध्यापक, हॉस्टेलचे सीनियर आणि प्रोजेक्ट गाईडने लिहिलेली शिफारस होती, पण त्याच्या दाराला कुलूप होते. दुसऱ्याचे दार उघडे होते, पण आत कोणीच नव्हते.

नाव शोधणाऱ्याला अर्थातच भरलेले, जुने खाते आधी दिसते. हॉस्टेलच्या एका सीनियरने तेथेच संदेश टाकला होता की त्याच्या प्लांटमध्ये क्वालिटीत जागा आहे, बायोडेटा लगेच पाठव. मला हे कळले ते एका मित्राच्या लग्नात, तो सीनियर समोरासमोर भेटला तेव्हा, आणि तोवर ती जागा भरली होती. उत्तर आले नाही म्हणून मला गरज नसावी, असे त्याने समजून घेतले होते. त्या पंगतीतली जिलेबी काही घशाखाली उतरली नाही.

म्हणून हे वाचून झाल्यावर आजच सेटिंगमधील साइन-इन व सुरक्षा या भागात जा. तेथे आपला खासगी ईमेल जोडा, त्याची पडताळणी करा, तोच मुख्य पत्ता म्हणून निवडा आणि चालू मोबाईल नंबरही जोडून ठेवा. कॉलेज सोडताना तेथील पत्ता काढून टाका. नोकरी लागल्यावर कंपनीच्या पत्त्याबाबतही हेच धोरण ठेवा, कारण राजीनाम्यानंतर शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो पत्ता आपला राहत नाही. ज्यांचे खाते आधीच अडकले आहे त्यांनी घाबरू नये, कारण सरकारी ओळखपत्र दाखवून ओळख पटवण्याची सोय आहे आणि माझे खाते तसेच परत मिळाले. दोन्ही खाती हातात आली की ती एकत्र करता येतात. मात्र एकत्रीकरणात फक्त जोडलेली माणसे एका खात्यातून दुसऱ्यात जातात. शिफारशी, कौशल्यांवरील अनुमोदने आणि संदेश बंद होणाऱ्या खात्याबरोबरच जातात. त्यामुळे शिफारशी असलेले खाते ठेवावे आणि रिकामे बंद करावे. एक ईमेल पत्ता एका वेळी एकाच खात्याला जोडता येतो, म्हणून तो नव्या खात्यातून आधी सोडवून मगच जुन्याला लावावा लागतो. ही क्रमवारी कोणी सांगत नाही आणि माणूस तेथेच हैराण होतो.

आता प्रोफाइलमधील नावाखालच्या ओळीकडे, म्हणजे हेडलाइनकडे, वळू. तिला २२० अक्षरांची मर्यादा आहे, आणि बहुतेक नवोदित ती जागा ‘मेकॅनिकल इंजिनिअर, संधीच्या शोधात’ अशा मजकुराने वाया घालवतात. भरती करणारा मनुष्य ‘संधीच्या शोधात’ असे शब्द टाकून कधीच शोध घेत नाही. तो कामाचे शब्द टाकतो. क्वालिटीत ते शब्द म्हणजे पीपॅप (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची प्रक्रिया), एफएमईए (संभाव्य बिघाडांचे आधीच केलेले विश्लेषण), कंट्रोल प्लॅन (काय, कसे तपासायचे याचा आराखडा), एट-डी (तक्रार सोडवण्याची आठ टप्प्यांची पद्धत), सीएमएम (भागांची मापे घेणारे यंत्र), गेज आर अँड आर (मोजमापातच किती तफावत येते याची चाचणी). यांतील ज्या गोष्टी तुम्ही खरोखर हाताळल्या आहेत, मग त्या अप्रेंटिसशिपमध्ये का असेनात, तेवढ्याच लिहा. ‘क्वालिटी ट्रेनी, मशिनिंगचे भाग, सीएमएमवर तपासणी, एमएसए अहवाल’ (एमएसए म्हणजे मोजमापाच्या पद्धतीची तपासणी, गेज आर अँड आर त्यातलाच भाग) एवढी ओळ इंग्रजीत साधेपणाने लिहिली तरी समोरच्याला तुम्ही कोठे उपयोगी पडाल ते कळते. न केलेले काम लिहू नये, कारण मुलाखत घेणारा शॉपफ्लोअरवरून आलेला असतो आणि तो पहिलाच प्रश्न गेज आर अँड आरमध्ये किती टक्क्यांपर्यंत चालते असा विचारतो. १० टक्क्यांच्या आत चांगले, ३० च्या वर नापास आणि मधले परिस्थिती पाहून स्वीकारायचे, हे उत्तर ज्याने अहवाल स्वतः भरला आहे तो झोपेतही देतो. एआयकडून लिहून घेतलेला ‘उत्साही आणि ध्येयवेडा व्यावसायिक’ मात्र तेथे गप्प बसतो. पैसे घेऊन प्रोफाइल लिहून देणाऱ्यांविषयी माझे मत याहून कडवट आहे, ते येथे न लिहिलेलेच बरे.

सध्या कोठे काम करत असाल तर आणखी दोन सेटिंग सांभाळा. अनुभवाच्या रकान्यात भर घालताना ओळखीच्यांना कळवण्याचा पर्याय बंद ठेवा, अन्यथा तुमची आवराआवर तुमच्या साहेबांच्या पडद्यावर पोहोचेल. नोकरी शोधत असल्याची खूण केवळ भरतीकारांना दिसेल अशी ठेवता येते आणि तेव्हा लिंक्डइन ती तुमच्या कंपनीच्या भरतीकारांपासून लपवण्याचा प्रयत्न करते, परंतु पूर्ण गुप्ततेची हमी तेही देत नाहीत. ज्यांच्या हाती नोकरीच नाही त्यांनी या खुणेची फोटोभोवतीची हिरवी पट्टी खुशाल सर्वांना दिसू द्यावी. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

मग माणसे कोणती जोडायची? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जिवलगांकडून नव्हे, तर क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसांकडून कळली होती. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरील प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नोकरीबदलाला सर्वाधिक मदत मध्यम विरळ ओळखींची होते आणि अगदी नाममात्र ओळखीची माणसे फारशी कामी येत नाहीत, असे त्यात आढळले. त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे. विरळ ओळखींचा फायदा डिजिटल स्वरूपाच्या उद्योगांत अधिक दिसला, तर कमी डिजिटल उद्योगांत घट्ट ओळखीच अधिक उपयोगी ठरल्या. आमच्यासारख्या कारखान्यातल्या माणसांना हे वाचून नवल वाटणार नाही. हिंजवडीतल्या सॉफ्टवेअरवाल्या मित्राचे पाहून आपणही शेकडो अनोळखी लोकांना विनंत्या पाठवत सुटलो, तर चाकणमध्ये त्याचा फारसा उपयोग होत नाही. एकाच हॉस्टेलचे, एकाच गाईडचे, एकाच तालुक्याचे, म्हणजे ज्यांच्याशी एखादा तरी धागा आहे, असे लोक आधी शोधा.

ते शोधण्याचे साधन म्हणजे कॉलेजच्या पानावरील माजी विद्यार्थ्यांचा विभाग. तेथे शहर, कंपनी आणि कामाचे क्षेत्र निवडून यादी गाळता येते. मात्र शिक्षणाच्या रकान्यात कॉलेजचे नाव टंकताना खाली उघडणाऱ्या यादीतून बोधचिन्ह असलेले अधिकृत पानच निवडा. आमच्यातल्या अनेकांनी तेथे केवळ विद्यापीठाचे नाव भरले आहे, काहींनी कॉलेजचे आद्याक्षरी नाव हाताने टंकले आहे, आणि त्यामुळे ती मंडळी कॉलेजच्या यादीत दिसतच नाहीत.

विनंतीसोबत टीप लिहावी की नाही यावर वाद आहेत. माझ्या मते सीनियरला लिहावीच. मोफत खात्यावरून महिन्याला मोजक्याच विनंत्यांना टीप जोडता येते आणि ती २०० अक्षरांत बसवावी लागते. मराठीत काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या मोजल्या जात असल्यामुळे जागा आणखी लवकर संपते. म्हणून ‘नमस्कार दादा, मी २०२३ च्या बॅचचा, हॉस्टेलच्या बी विंगमध्ये होतो. आपण पीपॅपचे काम पाहता असे दिसले. मीही सीएमएमवर काम करतो. जोडून घ्यावे, ही विनंती.’ एवढे पुरे. पहिल्याच संदेशात रेफरन्स मागू नका. विनंती स्वीकारली की आठवडाभराने कामाविषयी एखादा नेमका प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर त्यांना चहा पिता पिता देता येईल. बायोडेटा न मागता पाठवणाऱ्याला मी स्वतः उत्तर द्यायला कंटाळा करतो, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

मार्गदर्शक म्हणून व्हिडिओंवर भाषणे देणाऱ्या कोणा मोठ्या नावामागे धावण्यापेक्षा आपल्यापुढे दोन-तीन वर्षे असलेला माणूस धरावा. कोणत्या कंपनीत ट्रेनीला कायम करतात, कोठे कंत्राटदाराच्या नावावरच ठेवतात आणि कोणत्या बसथांब्यावर रात्रपाळीची गाडी येते, हे त्यालाच ठाऊक असते. आणि गेटपास, गणवेश किंवा प्रशिक्षणाची अनामत म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो कितीही मोठ्या कंपनीचे नाव सांगो, संभाषण तेथेच थांबवून त्या खात्याची तक्रार नोंदवा.

उत्तर न आल्यास दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, त्यानंतर नाद सोडावा. शिफ्टमधला माणूस लिंक्डइन रविवारी उघडतो, तोही उघडला तर. आणि कोणी तुमचे नाव पुढे केले असेल, तर मुलाखतीचा निकाल त्याला स्वतःहून कळवा, विशेषतः निवड झाली नाही तेव्हा, कारण त्याच्या प्लांटमध्ये पुढची जागा निघाल्यावर एचआर त्यालाच पुन्हा विचारते की त्या वेळचा तो मुलगा अजून मोकळा आहे का.