मास्तरांचा सूर आणि माझा कीबोर्ड

मे महिना, भुसावळकडचं एक गाव, हळदीचा कार्यक्रम. दिवस मावळला तरी स्टेजच्या लोखंडी पाइपाला हात लावला की चटका बसत होता. दुसऱ्याच गाण्याच्या म्युझिक पीसला आमचे सॅक्सोफोन वाजवणारे मास्तर माझ्याकडे वळले आणि माईक तोंडासमोर असतानाच म्हणाले, "भाऊ, तुना सूर चुकी राहिना." म्हणजे, तुझा सूर चुकतोय.

अख्खा मांडव हसला. माझा ऑर्केस्ट्रातला दुसरा हंगाम होता. डोकं फिरलं. पुढच्या गाण्यात मी व्हॉल्यूम चढवला, मास्तरांनी फुंक वाढवली, आणि गायक बिचारा दोघांच्या मध्ये गळा ताणत राहिला. परतीच्या गाडीत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पुढचे चार-पाच महिनेही नाही.

भांडणाचं मूळ आमच्या ढोलकीवाल्या दादांनी एकदा चहा पिता पिता सांगितलं. कीबोर्डचा सूर ४४० हर्ट्झवर बांधलेला (आकडा वाढला की सूर चढतो), त्याला ऊन लागत नाही की थंडी वाजत नाही. सॅक्समधली हवा तापली की सूर चढतो. गिटारच्या तारा तापून सैल पडतात, सूर उतरतो. म्हणजे एका स्टेजवर तीन माणसं तीन दिशांना, आणि प्रत्येकाला आपलाच कान खरा वाटतो. खान्देशचा उन्हाळा तर पंचेचाळिशीला टेकणारा, आणि लग्नांचा हंगाम नेमका तोच.

तेव्हापासून कार्यक्रम सुरू व्हायच्या अर्धा तास आधी मी मास्तरांपुढे जाऊन उभा राहतो. "मास्तर, तुमचा सूर द्या." ते एक लांब सूर धरतात, सूर उतरवायला माउथपीस थोडं बाहेर ओढतात, आणि मी कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचा सूर एकदम, ४४२, कधी ४४३ला नेतो. दोघं थोडे थोडे सरकलो की गिटारवाला आपल्या खुंट्या पिळून येतो. खरं सांगायचं तर सुराइतकाच फरक त्या विचारण्यानं पडला. आयुष्यभर बँडमध्ये फुंकलेल्या माणसाला कालच्या पोरानं बटण दाबून 'मी बरोबर' म्हणावं, हे त्यांना सहन होत नव्हतं. माझ्या लक्षात ते फार उशिरा आलं.

चूक आपली असेल तर मात्र लगेच बोलून टाका. गायिकेसाठी ट्रान्सपोज, म्हणजे कीबोर्डची पट्टी बदलायचं बटण, बदलला आणि परत शून्यावर आणायला विसरलो, असं माझ्याकडून एकदा झालं. काळी एक पट्टीत गाणारा गायक दोन सूर वर अडकला आणि मी निर्लज्जासारखा ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक ड्रमवर) वाजवणाऱ्याकडे बघत राहिलो. तो अजून ते विसरलेला नाही.

पैशाची भांडणं वेगळी. त्यात सुराचा काही दोष नसतो. एका रात्रीचे पैसे, म्हणजे नाईट, किती, गाडीभाडं कोणाकडे, फर्माईशीला मिळालेलं बक्षीस गायकाचं की सगळ्यांचं, हे कार्यक्रमाची सुपारी घेतानाच विचारा आणि डायरीत लिहा. रात्री दोन वाजता ढाब्यावर शेवभाजी समोर असताना हा विषय काढू नका. तिथे कोणीच शुद्धीवर नसतं, काही जण तर अक्षरशः.

दहाची गंमतही सांगतो. सन २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. सरकारनं सूट दिलेल्या मोजक्या दिवशी तेवढं बारापर्यंत चालतं. वऱ्हाड जेवणात रमलेलं असतं, कार्यक्रम नऊला सुरू होतो आणि पावणेदहाला दोन गायकांना शेवटचं अहिराणी गाणं हवं असतं, कारण पब्लिक नाचतं ते त्यावरच. अशा वेळी वादकानं कोणाचीही बाजू घेऊ नये. गाण्यांची यादी ऑर्केस्ट्राच्या मालकाच्या हातची असू द्या. तो बोट दाखवील ते वाजवा.

एका बाबतीत मात्र 'जुळवून घे' हा सल्ला मी देत नाही. कोणी पिऊन येऊन गायिकेला त्रास देत असेल, गाडीत चिकटून बसत असेल, तर तिथल्या तिथे मालकाला सांगा, चारचौघांत सांगा. मालकानं हसण्यावारी नेलं तर ती ऑर्केस्ट्रा पार्टीच सोडा. मी एक सोडली. दोन महिने काम नव्हतं, घरी बोलणी खाल्ली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सोडीन.

मास्तर आणि मी आजही काही मित्र नाही. गेल्या मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो. तापीवरून गार वारा येत होता, घोड्यांच्या पाठीवर झुली होत्या. थंडीत सॅक्स उलट उतरतो. मास्तर माउथपीस मुठीत धरून ऊब देत माझ्याजवळ आले.

"किती?"

"चारशे अडतीस करून ठेवलाय."

त्यांनी एक सूर धरला, मान हलवली आणि काही न बोलता आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.