बंद पेट्रोल पंपाखालची माती तपासताय? या चुका टाळा

‘अहवाल तर स्वच्छ आलाय, मग खड्ड्यातून वास कसला येतोय?’ असं विचारणारा फोन मला अधूनमधून येतच असतो. खापर प्रयोगशाळेवर फुटतं. पण बहुतेक वेळा माती बाटलीत जाण्याआधीच गडबड झालेली असते.

माझ्या डोक्यात सर्वांत जास्त जाणारी चूक म्हणजे माती कालवणं. तीन-चार बोअरची माती घमेल्यात ओतायची, हाताने एकजीव करायची आणि ‘सरासरी नमुना’ म्हणून बरणी भरायची. शेतात खताची मात्रा ठरवायला हे ठीक आहे. इथे आपण शोधतोय पेट्रोलमधलं बेन्झीन, आणि ते उघड्यावर पडल्या पडल्या उडायला लागतं. मळून मळून आपणच ते हवेत सोडतो.

एकदा मीच एका नव्या मुलावर विसंबलो. बोअरमधून काढलेली माती चिरली तेव्हा पीआयडीचा (उडणाऱ्या रसायनांची वाफ जागेवर मोजणाऱ्या हातातल्या यंत्राचा) आकडा शेकड्यांत गेला होता. पठ्ठ्याने बरण्या अर्ध्याच भरल्या, झाकणं उघडी ठेवली आणि गाडीच्या फाळक्यावर उन्हात मांडून निवांत लेबलं लिहीत बसला. प्रयोगशाळा म्हणाली, बेन्झीन आढळलं नाही. पीआयडीची नोंद वहीत नसती तर जागा स्वच्छ ठरली असती. तिथेच शेजारी पुन्हा बोअर घेतला, या वेळी नीट, आणि बेन्झीन सापडलं. दुसऱ्या बोअरचं बिल अर्थात आमच्याच माथी.

तेव्हापासून लेबलं आदल्या रात्री लिहिलेली असतात. माती चिरली की लगेच सुमारे ५ ग्रॅम मातीचा अखंड तुकडा काढायचा आणि मिथेनॉल भरून वजन करून ठेवलेल्या ४० मिलीलिटरच्या बाटलीत टाकायचा. तोंडाच्या आट्यांवर मातीचा एक कण राहिला तरी झाकण गळतं, म्हणून आधी ते पुसायचं. मग बाटली थेट बर्फाच्या पेटीत. फोटो आणि गप्पा नंतर. जास्तीची माती हवी असेल तर ती वेगळी घ्या. ओलावा काढायला ती लागतेच, नाहीतर कोरड्या वजनावरचा आकडा निघणार कसा?

दुसरी चूक टाकीच्या प्रेमात पडण्याची. टाकीभोवती चार बोअर घेतले की लोकांना काम संपल्यासारखं वाटतं. गळती पाइपच्या सांध्यांतून होते, डिस्पेन्सरच्या (गाडीत पेट्रोल भरायच्या यंत्राच्या) खाली होते, टँकर रिकामा करताना भरणतोंडाशी सांडूनही होते. पाइपच्या चरात भरलेली वाळू तर पन्हाळीसारखी वागते: गळती एकीकडे, डाग भलतीकडे. मी जुने नकाशे मिळवतो, नाही मिळाले तर पंपावर काम केलेल्या म्हाताऱ्या माणसाला गाठतो, आणि पहिला बोअर चरालगत घेतो. पाइप नक्की कुठे आहे ते शोधल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

खोलीचंही तेच. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते भूजलाच्या पातळीवर तरंगतं. पातळी वर-खाली होते तसं ते मातीला फासलं जातं. वरची दोन मीटर माती स्वच्छ दिसली म्हणून थांबणारे नेमके या पट्ट्याच्या डोक्यावर थांबतात. घाई असेल तर हे काम घेऊ नका.

निरीक्षण विहीर म्हणजे भूजल तपासायला बोअरमध्ये बसवलेली जाळीची नळी. तिच्या जाळीचं वरचं टोक पाण्याच्या पातळीखाली गेलं, तर तरंगणारं तेल आत येणारच नाही. आणि विहिरीत दिसणारी तेलाची जाडी ही जमिनीतली जाडी समजू नका. विहिरीत ती बहुधा फुगलेली असते.

पीआयडीवर डिझेल शोधू नका. त्यातले जड घटक फारसे उडत नाहीत, त्यामुळे आकडा शांत राहतो आणि माती काळी असते. दमट हवेतही हे यंत्र चुकतं.

बर्फाच्या पेटीत मिथेनॉल भरलेली पण माती न टाकलेली एक बंद बाटली ठेवा. वाटेत काही शिरलं का, ते तिच्यावरूनच कळेल.

कुजलेला पाला भरपूर असलेल्या मातीत एकूण हायड्रोकार्बनचा आकडा नैसर्गिक पदार्थांनीही चढतो. आरडाओरडा करण्याआधी प्रयोगशाळेकडून क्रोमॅटोग्राम (नमुन्यातले घटक वेगवेगळे दाखवणारा आलेख) मागवा.

माती नाकाला लावून हुंगणारे ‘अनुभवी’ लोक अजून आहेत. बेन्झीनने कर्करोग होतो, एवढंच त्यांना सांगतो.

आणि रिकामी टाकी सुरक्षित समजून तिच्याजवळ ग्राइंडर चालवू नका. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास असली तरी भडका उडतो, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी बसून राहते. वायुमापक दोरीने तळापर्यंत सोडल्याशिवाय मी कुणाला टाकीजवळ जाऊ देत नाही.